शिट्टी न होणारा कुकर

"कुकर लावलाय आई, लक्ष ठेव," असं सांगून लेक कामावर गेली. आत सॉसेज आणि कोबीचं सूप होतं. या बर्फाच्या देशात थंडीला हेच बरं म्हणे.

दुपार टळली तरी शिट्टी होईना. झाकण मात्र थडथडत होतं. शालिनीबाईंचा हात गालावरच्या डागाकडे गेला. गावाकडे शिट्टी अडकून कुकर फुटला होता, तेव्हाचा तो डाग. बटणाजवळ जायचा धीर होईना. त्यांनी तान्ह्या नातवाला गोधडीत गुंडाळलं आणि त्या बाहेर पळाल्या. मागे दार आपोआप लागलं, ते लागलंच.

बाहेर बर्फ, पायात नुसते मोजे. बाळ रडून रडून गप्प झालं. त्या त्याचे पाय चोळत राहिल्या, हाका मारत राहिल्या; ते हूं की चूं करेना.

लेकीची गाडी आली. "आई, बाहेर काय करतेयस?"

"शिट्टीच होत नाही गं."

"अगं, हा मंद शिजवायचा कुकर, याला शिट्टी नसतेच," म्हणत तिनं बाळाला घेतलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दार उघडून ती आत धावली.

थोड्या वेळानं आतून बाळाचा टाहो ऐकू आला. ती शिट्टी ऐकली आणि शालिनीबाई पायरीवर मटकन बसल्या.