मुका जीव

परसातली कोंबडी पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत होती आणि नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. “अशा उन्हात मुक्या जीवाला पत्र्याखाली कोंडतं का कुणी? माणसं आहात की कसाई?”

खुराडं त्यानेच बांधलं होतं, पण संतापलेल्या माणसाला एवढं कुठे आठवायला! बायको गॅस बंद करून धावली. तिने कोंबडीला सावलीत आणलं आणि टबात गार पाणी घेऊन तिचे पाय त्यात बुडवले. नवऱ्याने स्वयंपाकघरातला पंखा उचलून परसात लावला, मग प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन.

“वारा लागू द्या, विश्रांती द्या,” डॉक्टर म्हणाले. “आणि आज अंड्याची अपेक्षा धरू नका.”

“छे हो! आम्हाला काही काळीज आहे की नाही?” नवरा गहिवरला.

थोड्या वेळाने कोंबडीची धाप थांबली, तिने चोच मिटली. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याला भूक लागली. “चल, वाढ आता.”

बायकोने स्टूल ओढलं, त्याच टबात पाय सोडले आणि पंख्याची मान स्वतःकडे वळवली.

“अगं, जेवणाचं काय?”

तिने स्वयंपाकघराच्या छपराकडे पाहिलं. खुराडं बांधून उरलेले पत्रे त्याने तिथेच ठोकले होते.

“आज अपेक्षा धरू नका,” ती म्हणाली.