चौदा नंबरचा टायफॉइड

मिथलेश चौदा नंबरच्या पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढून पडली होती. मनगटाला सलाइनची नळी नुसती चिकटवलेली, सुई नव्हतीच. पायथ्याच्या तक्त्यावर तिला आठ दिवसांचा टायफॉइड होता. खरं तर ती ह्याच नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. पण आज विद्यापीठाची तपासणी होती आणि कॉलेजच्या दवाखान्याचे चाळीस पलंग भरलेले दिसायला हवे होते. चंबळकाठच्या खेड्यांतून ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या भरून माणसं आणली, तरी पाच कमी पडली. त्या जागी पाच विद्यार्थिनी झोपवल्या, त्यांत ही.

"डोळे मिटायचे, कण्हायचं, बाकी तोंड उघडायचं नाही," डायरेक्टर सरांनी सकाळीच दम भरला होता. "मान्यता मिळाली की दोन महिन्यांत तुमची परीक्षा. नाही मिळाली तर बसा घरी रोट्या लाटत."

तीन वर्षांत एकही परीक्षा झाली नव्हती. पहिल्या वर्षी 'पुढल्या वर्षी' म्हणाले, दुसऱ्या वर्षीही तेच. गावात आई मात्र तिला आत्ताच नर्सबाई म्हणायची. त्यामुळे मिथलेश अगदी मनापासून कण्हत होती.

शेजारी तेरा नंबरवर रामकली अम्मा होती. तिच्या तोंडाला सकाळपासून उसंत नव्हती.

"काय गं, चांगली ठणठणीत दिसतेस. तुला काय धाड भरलीय?"

"टायफॉइड."

"मला म्हणे दमा. घरून निघाले तेव्हा नुसता साखरेचा आजार होता, इथं येऊन बढती मिळाली. साखरेची गोळी खाऊन आलेय पोरी, पुरी-भाजी कधी देणार?"

"तपासणी झाल्यावर, अम्मा. गप पडा आता."

अकराला येणारी समिती दीडला आली. तोवर अम्मा खरंच गप झाली होती. मिथलेशनं एक डोळा किलकिला केला. अम्माचं पोलकं घामानं निथळत होतं, ओठ थरथरत होते. "बैल सोडा, बैल सोडा," ती छताकडे बघून पुटपुटत होती. गोळी पोटात आणि पोट रिकामं. रक्तातली साखर उतरली होती.

दारात पांढऱ्या गणवेशातली नर्स उभी होती, पण ती ऑफिसातली टायपिस्ट. तिच्या हातात समितीसाठी सरबताचा ट्रे. उठलं तर सगळं संपणार होतं, आपलंच नव्हे, साठ पोरींचं. मग अम्माचे डोळे फिरल्यासारखे झाले आणि मिथलेश उठली.

सलाइनचा स्टँड धाडकन पडला. तिनं ट्रेमधला ग्लास ओढला, अम्माचं डोकं मांडीवर घेतलं आणि गिळतेय ना हे बघत घोट घोट सरबत पाजलं. दुसऱ्या हाताची बोटं आपसूक नाडीवर गेली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तू कोण?" समितीच्या मॅडमनी विचारलं. पिकल्या केसांच्या, एकेकाळी वॉर्डात राबलेल्या बाई होत्या त्या.

"पेशंट आहे, मॅडम," डायरेक्टर घाईनं म्हणाले. "टायफॉइड. तापात करतात असं."

"पेशंट घड्याळाकडे बघत नाडी मोजत नाही. कोण तू?"

"विद्यार्थिनी. तिसरं वर्ष."

मॅडमनी फाइल उलटली. एका पानावर बोट ठेवलं.

"यांच्या अर्जात पहिली तुकडी पुढल्या वर्षी सुरू होणार आहे, बेटा. कागदोपत्री आज इथं एकही विद्यार्थिनी नाही."

डायरेक्टर जमिनीकडे बघत होते. मिथलेशला रडू फुटणार होतं, पण त्यात नाडीची मोजणी चुकली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

अम्मानं ओठ चाटले. "ग्वाड आहे गं. आता पुरी देतील ना? साहेब लोक येऊन गेले की देतो म्हणाले होते."



"शहाण्णव," मिथलेश म्हणाली. "कुणीतरी लिहून घ्या."

मॅडमनी तेरा नंबरचा तक्ता उचलला. त्यावर संध्याकाळी सहाचा तापसुद्धा आधीच भरून ठेवलेला होता. त्यांनी ते सगळं खोडलं, नाडी लिहिली आणि तक्ता, पेन मिथलेशपुढे धरलं. शेवटचा रकाना नर्सच्या सहीचा होता.

ती सही तिनं तीन वर्षं वह्यांच्या मागच्या पानांवर घोटली होती. तिनं अंगातल्या पेशंटच्या गाउनला हात पुसले, पेन घेतलं, टेकवलं आणि तशीच थांबली.

"सही करते, मॅडम," ती म्हणाली. "पण कोण म्हणून करू?"