इमरतीची वसुली

शुगर निघाल्यापासून सुनेनं मुक्ताबाईचं गोड बंद केलं होतं. म्हणून डोळे तपासायच्या नावाखाली शेजारच्या दहा वर्षांच्या मैत्रिणीला, अमृताला, घेऊन तिनं गुलमंडीवर पोटभर इमरती हाणली. बिल ऐंशी रुपये, ठरलं निम्मं-निम्मं, पण भरलं सगळं मुक्ताबाईनंच.

आठ दिवस तोंड चुकवणारी अमृता शेवटी जिन्यात घावली.

"काय गं भवाने, माझे चाळीस बुडवती व्हय?"

"आजी, मोबाईलवरून दिले असते, पण माझं वय बसत नाय ना!"

"मंग आईच्या मोबाईलवरून टाक! घे माझ्या सुनेचा नंबर. मुक्ताबाई रुपाया सोडत नसती!"

मुक्ताबाई ऐटीत घरात शिरली, तोच सुनेचा मोबाईल वाजला.


"आत्याबाई, चाळीस रुपये आलेत. सोबत लिहिलंय, 'आजीसोबत खाल्लेल्या इमरतीचे'. डोळे कुठं तपासले म्हणालात?"