पडद्यावरची रेघ

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या नसांमधून विजेचे संदेश कसे धावतात, हे मोजण्यात त्या शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं गेली होती. त्याची लेक कधी एका जागी टिकायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पण एका मोठ्या तापातून उठली ती चाकांच्या खुर्चीवरच. तिला कमरेखालचं काही कळेना, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनीही हात टेकले.

एकदा हट्ट करून ती त्याच्या प्रयोगशाळेत आली. त्याने शिंपल्यातल्या जिवाच्या नसेला केसासारखी बारीक तार लावली आणि त्याच्या मऊ पायाला ब्रशने हलकेच स्पर्श केला. यंत्राच्या पडद्यावरची सरळ रेघ टुणकन उडाली.

"अय्या, ह्याला कळलं! बाबा, आता माझ्या पायाला लाव ना."

तो क्षणभर घुटमळला. मग खाली बसून त्याने तिच्या पोटरीला तारा चिकटवल्या आणि तळव्यावरून ब्रश फिरवला. रेघ पुन्हा उडाली.

"बघ, जिवंत आहे तुझी नस!" त्याला हसू आवरेना आणि रडूही. तिने टाळ्या पिटल्या. घरी येईपर्यंत दोघांची नुसती चिवचिव चालली होती.

आईने तिला उचलून पलंगावर ठेवलं, तशी ती आईच्या गळ्यात पडून कानात कुजबुजली,



"आई, रेघ उडावी म्हणून तार बाबाच हलवत होता, मी पाहिलं. त्याला सांगू नकोस हं, किती दिवसांनी हसलाय तो."