खूण सांगा, घेऊन जा

सिस्टरनी आजोबांच्या कोटाच्या बटणाला चिठ्ठी बांधली: ‘म्हातारे गृहस्थ, एक. चष्म्यासह.’ मग लांब टेबलाच्या टोकाशी, एक निळी छत्री आणि एक डाव्या पायाचा बूट यांच्यामध्ये, त्यांना खुर्ची दिली.

“अवघडून बसू नका,” त्या म्हणाल्या. “वर्षभर जे जे राहिलं ते सगळं इथेच आहे.”

शाळेचा शेवटचा दिवस होता. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, मग बक्षिसं, मग आजी-आजोबांचा सत्कार. गायनवृंदाने निरोपाचं गाणं इतकं लांबवलं, की शेवटी फादरांनी मध्येच उठून आशीर्वाद देऊन टाकला. त्या गडबडीत आजोबांच्या मुलाला वाटलं, बाबा बायकोच्या गाडीत आहेत. सुनेला वाटलं, ते नवऱ्याच्या गाडीत आहेत. आजोबा सत्काराचं फूल धरून होते तिथेच होते. सिस्टरनी विचारलं, “कुणाचे?” त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. “ते तर गेले,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही राहिलेले. या इकडे.”

सिस्टरचा एक नियम होता, आणि शाळेत तो देवाच्या दहा आज्ञांच्या खालोखाल पाळला जाई. राहिलेली वस्तू हवी असेल तर खूण सांगायची. खूण पटली तरच वस्तू मिळायची. आजोबांच्याही खुणा त्यांनी आधीच विचारून वहीत टिपल्या होत्या. मागे एकदा खुद्द बिशपांचा चष्मा राहिला, तर कोणत्या काचेला चरा आहे ते आठवेपर्यंत बिचारे डोळे किलकिले करून बसले होते. कुलूप लागेपर्यंत जे उरेल, ते टेम्पोत घालून मिशनच्या वृद्धाश्रमात पाठवत. छत्र्या, स्वेटर, डबे, काय असेल ते.

हे कळल्यावर आजोबांची पाचावर धारण बसली. वृद्धाश्रम चांगला होता म्हणे. पण स्वेटरांच्या गठ्ठ्याबरोबर जायचं, ही काय जायची रीत झाली?

तेवढ्यात एक बाई आली. “पाण्याची बाटली. झाकण चावलेलं आहे आणि बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका.” खूण पटली, बाटली मिळाली. जाता जाता तिने आजोबांना निरखून पाहिलं.

“यांना भागाकार येतो का हो?”

“येतो,” आजोबाच म्हणाले.

“आमच्याकडे आजोबा नाहीत. यांची खूण काय?”

“ती मीच सांगितली तर मग नियम कशाला?” सिस्टर म्हणाल्या.

बाई हळहळत गेली. खोटं कशाला बोला, आजोबांना जरा बरं वाटलं.

मग बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा घामाघूम होऊन आत आला. “बाबा, चला लवकर. सगळे खोळंबलेत.”

सिस्टर आडव्या आल्या. “खूण?”

“कसली खूण? वडील आहेत माझे.”

“स्वेटर बघूनही लोक माझाच म्हणतात. यांचा दुखरा गुडघा कोणता?”

मुलगा त त प प करू लागला. “उजवा.” आजोबांनी टेबलाखाली हळूच डावा गुडघा चोळला. “नाही, डावा.”

“आजोबा, कॉपी नको. हात टेबलावर ठेवा,” सिस्टर म्हणाल्या. “चहात साखर किती?”

“दोन चमचे.”

आजी गेली त्या दिवसापासून आजोबांनी साखर सोडली होती. सिस्टरनी नुसती मान हलवली.

“रात्री उशाशी काय ठेवतात?”

मुलगा चिडला. मुख्याध्यापिकेला भेटतो म्हणाला. मीच ती, असं सिस्टरनी सांगितल्यावर तो लहान मुलांच्या बुटक्या बाकावर मटकन बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला. “एका घरात राहतो आम्ही, आणि मला यांचं काहीच माहीत नाही.” आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला. आजोबांना ते बघवेना. बाहेर टेम्पो सुरू झाला होता. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता.

सिस्टरनी आजोबांची चिठ्ठी घट्ट बसली आहे ना, ते पाहिलं. मग त्या बाकाकडे वळल्या, एक कोरी चिठ्ठी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

“आणि हे कुणाचे?”

आजोबा खुर्चीतून उठले. “माझा आहे.”

“खूण?”

“उजव्या भुवईत टाक्याचा व्रण. झोपाळ्यावरून उडी मारली होती, आईला सांगितलं पाय घसरला. चूक झाली की आधी चिडतो, मग रडतो. दुधावर साय आली की अजून बोटाने बाजूला करतो आणि बोट पँटला पुसतो.” आजोबा जरा घुटमळले. “आणि अंधाराला भितो. रात्री बाहेरचा दिवा लावून ठेवतो, आणि बायकोला सांगतो बाबांना लागतो म्हणून.”

मुलाने खाली घातलेली मान वर केलीच नाही. सिस्टर वाकल्या, त्याची हनुवटी वर उचलून भुवई नीट पाहिली, आणि कोरी चिठ्ठी परत खिशात ठेवली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा, आजोबा. आणि पुन्हा कुठे विसरू नका.”