अर्धा खाडा

"घड्याळ बघ गो. किती वाजले?"

सीता खानावळीच्या दारातच थबकली. गल्ल्यामागच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिची वेळ साडेआठची.

"भाईनू, जरा काम होता म्हणान…"

"कामा सगळ्यांकच असतत. ह्या सरकारी हापिस न्हय, कधीय या, कधीय जावा, पयल्या तारखेक पगार. हय घाम गाळलो तर पैसो." भाईंनी हजेरीची वही ओढली. "आज अर्धो खाडो. परत उशीर झालो तर येवच नको."

सीता मान खाली घालून आत गेली. तिचा इथला चौथाच दिवस होता.

मालवण बंदरापासून दोन मिनिटांवरची ही खानावळ भाईंनी दोन वर्षांत नावारूपाला आणली होती. पाटी आणि परवाना त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीच्या नावावर; राबायचे मात्र भाई. सकाळी मासळीच्या लिलावाला ते स्वतः उभे असत. सुरमई स्वतः निवडत. गर्दी वाढली की ताटं वाढत, टेबलंही पुसत. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आत राधाबाई मासे तळत होत्या. "खंय होतंस गो इतको वेळ?"

"तलाठ्याकडे." सीतेनं पदर खोचला आणि भांड्यांपाशी बसली. "माझ्या लेकीचो, अक्षयाचो नर्सिंगाक नंबर लागलो. उत्पन्नाचो दाखलो दिलो तर फी माफ. तो आज पाचच्या आत हयल्या तहसील कचेरीत व्हयो. नाय तर नंबर गेलो."

"मगे घेवचो ना आधी!"

"धा दिवसांत सात फेरे झाले, राधाबाय. नवो तलाठी येवन तीन म्हयने झाले म्हणतत, माका अजून त्याचा तोंड दिसाक नाय. खुर्चेर टॉवेल असता, माणूस नसता. त्याचो कोतवाल धोंडू रोज एकच सांगता, साहेब फिरतीवर आसत."

"पगार मात्र फिरतीवर जायत नसतलो!" राधाबाई हसल्या. "आणि तुका चेडू सरकारी नर्स व्हया?"

"व्हया. थंय खाडो नसता."

राधाबाईंनी तव्यावरचा तुकडा उलटला. "मगे आज काय झाला?"

"दोन तास वाट बघलंय. शेवटी धोंडूक दया इली. अर्ज ठेवन घेतल्यान. साहेब असतीत थंय जावन सही आणतंय म्हणालो. चारपर्यंत कचेरीर येतलो. चेडू थंयच पायरेर बसलाहा."

साडेबाराला मुंबईच्या दोन गाड्या आल्या आणि बोलणं तुटलं. ताटं जात होती, येत होती. सीतेचे हात चालू होते. डोळे पुन्हा पुन्हा घड्याळाकडे वळत होते.

बाहेर एक पाहुणा भाईंना म्हणाला, "इतक्या गर्दीत पाच मिनिटांत ताट? कमाल आहे."

"खासगी आहे म्हणून," भाई म्हणाले. "सरकारी असतं तर तुम्हाला उद्या बोलावलं असतं, दोन फोटो घेऊन."

सगळं टेबल हसलं. भाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि आवाज बंद केला. "कचेरीतले लोक. त्यांना काय, वेळच वेळ."

तीन वाजता सीता हात पुसत गल्ल्यापाशी आली.

"भाईनू, तासभर सोडा. माझा चेडू कचेरीर एकटाच आसा. कागद गावलो की नाय बघतंय आणि येतंय."

"भांडी?"

"येवन घासतंय. रात्री उशिरापर्यंत थांबतंय."

"आज तुका सोडलंय तर उद्या राधाबाय जातली. मगे माझी खानावळ कोण चालवतलो? तलाठी?" भाईंनी मान हलवली. "जायचा तर जा. पण मगे परत येव नको."

सीता उभी राहिली. गेली तर नोकरी जाणार होती. नाही गेली आणि धोंडू आलाच नसला, तर मुलीला पायरीवरून उठवून दुसरं काही करायलाही कोणी नव्हतं. ती परत मोरीवर गेली. राधाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि पातेली ओढून घेऊ लागल्या.

साडेतीन. पावणेचार.

चारला दहा कमी असताना अंगणात सायकल लागली. सीतेनं खिडकीतून पाहिलं आणि साबणाच्या हातांनीच बाहेर धावली. धोंडू! खांद्याला कापडी पिशवी. तिला शोधत तो इथपर्यंत आला होता.

"धोंडू, झाली सही? दी हय, मी धावतच जातंय!"

धोंडू तिच्याकडे बघतच राहिला. "तू हय कामाक आसंस?" त्याचा चेहरा उतरला. पिशवी छातीशी धरून तो तिच्या बाजूनं पुढे गेला आणि गल्ल्यासमोर चपला काढून उभा राहिला.

"तलाठी साहेब," तो शुद्ध मराठीत म्हणाला, "पंधरा दिवसांचे कागद आणलेत."

भाईंनी हजेरीची वही बाजूला सारली, चष्मा लावला. त्यांची बोलीही बदलली. "फिरतीची डायरी भरलीस?"

"होय, साहेब. आणि हा एक उत्पन्नाचा दाखला. आजच हवाय. बाई सकाळी दोन तास बसून होती."

भाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. "सीता भिकाजी गावकर. समक्ष जबाब घेतल्याशिवाय मी सही करत नाही, ठाऊक आहे ना? सरकारी काम आहे हे." सीता साबणाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता शेरा लिहिला, "अर्जदार गैरहजर."