न आंबलेला गहू

तिसऱ्या दिवशी गोदाक्कांनी पातेल्यात हात घातला, बोटं हुंगली आणि कपाळावर हात मारून घेतला. कुरडयांसाठी भिजत घातलेला गहू तसाच ताजा! आंबल्याचा वाससुद्धा नाही.

"आत्या, तुम्ही गोदामातला गहू आणलात," सून वृषाली म्हणाली. "त्याच्यावर राखण असते."

राखण म्हणजे दाण्यांवर फवारलेले जिवंत जंतू. बुरशीला ते जवळ फिरकू देत नाहीत. पण कुजणं काय आणि आंबणं काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच.

"मग तन्वीच्या रुखवतात काय मांडायचं? न आंबलेल्या चिकाची कुरडई फुलते होय?"

"खालच्या आळीत बिनराखणीचा गहू मिळतो म्हणे, चोरून. आणू का?"

गोदाक्कांचा पुन्हा पातेल्यात घातलेला हात थांबला. राखण यायच्या आदल्या वर्षी घरात सगळ्यांनीच बुरशी लागलेल्या मक्याची भाकरी खाल्ली होती. सगळे आजारी पडले, सगळे उठले. त्यांची थोरली लेक शकू तेवढी उठली नाही. सात वर्षांची होती.

"काही नको," त्या म्हणाल्या. "ह्याच गव्हाचा चीक काढ."

लग्नात वरमाईनं रुखवतातली तळलेली कुरडई उचलली आणि ती हसली. "आजी, ही तर फुललीच नाही की हो!"

"नाही फुलली बाई," गोदाक्का म्हणाल्या आणि बोहल्यावरच्या नातीकडे बघत राहिल्या. "पण आमची पोर चोवीस वर्षांची झाली."